आज कुठे उतरायचं नाही?

कोकणात निघालेल्या कुटुंबाकडे आजकाल बरीच माहिती असते. कुठल्या घरगुती खानावळीत सोलकढी चांगली मिळते, ताम्हिणीत रस्ता कुठे खोदून ठेवलाय, काशिदला गाडी कुठे लावायची, हे सगळं निघण्याआधीच ठरलेलं असतं. फक्त त्या दिवशी पूर्ण भरती किती वाजता आहे, हे गाडीतल्या कुणालाच ठाऊक नसतं. ज्या पाण्यासाठी दोन-तीनशे किलोमीटर यायचं, त्याचं वेळापत्रक मात्र पाहायचं नाही, ही सवय बदलली तर कोकणातले कितीतरी मृत्यू टळतील असं मला मनापासून वाटतं.

दोन घटना आठवा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलेले आठ जण मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बुडाले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. मुरूडच्या त्या दिवशी तर अष्टमीच्या आसपासची तिथी होती, म्हणजे समुद्राला उधाणही नव्हतं. घाटावरच्या माणसाच्या मनात बुडण्याचं चित्र असतं ते खवळलेल्या लाटांचं आणि अथांग खोलीचं. प्रत्यक्षात पर्यटक बुडतात ते बहुतेकदा लख्ख उन्हात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, कमरेएवढ्या पाण्यात उभे असताना आणि सगळी मंडळी सोबत असताना. म्हणून ‘खोल जाऊ नका’ एवढी सूचना पुरत नाही. कमरेएवढ्या पाण्यात काय घडतं, ते कळायला हवं.

लाटा पाणी सतत किनाऱ्याकडे ढकलत असतात. आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचे बांध असतात. त्यांत जिथे खाच पडलेली असते, तिथून हे साचलेलं पाणी एकवटून समुद्राकडे धावतं. किनाऱ्यावरचे लोक याला ‘पाण्याला ओढ आहे’ किंवा ‘करंट आहे’ म्हणतात. हा पट्टा काही मीटर रुंद असतो, कधी त्याहून बराच मोठाही. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. इतक्या वेगापुढे नेहमी पोहणाराही टिकत नाही, मग पोहणं न येणाऱ्याची काय कथा. खाचेच्या कडेला वाळू एकदम उतरते. कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस दोन पावलं बाजूला सरकतो आणि पायाखालची जमीन जाते. हात धरून साखळी केलेली असली तर एकामागून एक सगळेच त्यात ओढले जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही ओढीची जागा दिसायला किनाऱ्यावरची सर्वांत शांत जागा असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होत असतो आणि मधल्या पट्ट्यात लाटा फुटतच नाहीत. तिथलं पाणी थोडं गडद किंवा गढूळ दिसतं, पृष्ठभाग खुळखुळल्यासारखा हलत असतो, फेस आणि पालापाचोळा किनाऱ्याकडे येण्याऐवजी आत जाताना दिसतो. मुलांना घेऊन आलेली आई साहजिकच फेसाळ लाटा टाळते आणि नेमकी ही ‘संथ’ जागा निवडते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं थोड्या उंचावर, सुरुच्या बनाच्या कडेला किंवा बंधाऱ्यावर उभं राहून पाण्याकडे बघा. लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, फेस कुठल्या दिशेला जातो, हे पाहण्यासाठी कुठलंही प्रशिक्षण लागत नाही. खाडीचं मुख, नदी समुद्राला मिळते ती जागा आणि पुळणीच्या दोन्ही टोकांचे खडक, या ठिकाणी ओढ नेहमीच जास्त धरून चाला. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी दिसायला कितीही निळंशार असो, तिथे स्वतःच्या मनाने उतरू नये. मुंबईतल्या अक्सा किनाऱ्याचं नाव इतक्या वेळा बातम्यांत येऊनही लोक तिथे लांबवर आत जातात, हे पाहून वाईट वाटतं.

भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या आजी-आजोबांना पंचांगावरून करता यायचा आणि तो आजही उपयोगी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं आणि अमावास्या पंधरावी धरायची. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे मोबाइलवर त्या गावाची भरतीची वेळ ताडून पाहा. पण तिथी माहीत असली की सहलीची तारीख ठरवतानाच अंदाज येतो. समजा तुम्ही पौर्णिमेला जाताय. भरती अकरा-बाराच्या सुमारास. जेवण दीडला, थोडी विश्रांती, आणि तीन वाजता सगळे पाण्यात. म्हणजे नेमके ओहोटीच्या मधल्या तासांत. ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी बाहेर जातं. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने पाण्याचा चढउतारही मोठा, मुंबईच्या आसपास तर चार मीटरच्या पुढे. अशा दिवशी पाण्यातला खेळ सकाळी भरती येत असताना उरकावा आणि दुपारी वाळूत किल्ले करावेत. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, चढउतार कमी असतो.

पण ‘भरतीला बिनधास्त, ओहोटीला धोका’ हा सरधोपट नियमही मला मान्य नाही. ओहोटीत ओढ वाढते हे खरं, तरी लाटा आहेत तिथे ओढ भरतीतही असते. शिवाय भरतीचा स्वतःचा धोका आहे, तो अडकण्याचा. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. जाताना घोट्याएवढं पाणी असतं, किल्ला बघण्यात वेळ जातो आणि परतताना तेच पाणी छातीला लागतं. तिथे पूर्ण ओहोटीच्या थोडं आधी निघावं आणि पाणी फिरलं की लगेच परतावं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेचंही तसंच. खडकातली ती सुंदर वाट ओहोटीतच करायची असते. भरती असेल आणि पुजारी किंवा गावकरी ‘आज नको’ म्हणाले, तर देवाला बाहेरूनच नमस्कार करावा. त्या खडकांवरून माणसं वाहून गेलेली आहेत. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी उसळताना बघायला सगळे जातात. ते दृश्य खरोखरच बघण्यासारखं आहे, पण लांबून.

खडकांबद्दल आणखी एक. लाटा सारख्या आकाराच्या नसतात. दहा-पंधरा मिनिटं लहान लाटा येतात आणि मग दोन-तीन मोठ्या येतात. खडक ओला आणि काळपट दिसतोय, त्यावर हिरवं शेवाळ आहे, याचा अर्थ पाणी तिथपर्यंत पोहोचतं. कोरड्या खडकावरच थांबा आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बॅण्डस्टँडवर सेल्फी काढताना तरुण मुली पाण्यात पडल्या. त्यांना वाचवायला एक माणूस धावला, त्याने आधार दिलाही, पण तो स्वतः बुडाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातल्या कितीतरी जागा सेल्फीसाठी धोकादायक म्हणून जाहीर केल्या. वाचवायला गेलेल्याचा जीव जाणं ही समुद्रावरची फार जुनी शोकांतिका आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

आकाश निरभ्र असताना मोठ्या लाटा येऊ शकतात, हेही लक्षात ठेवायला हवं. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरवर वादळ होतं आणि त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर आदळतात. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचे इशारे आधी देते. मे २०२४ मध्ये असा इशारा असताना कन्याकुमारीजवळच्या किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाने आदल्या दिवशी इन्कॉइसचा आणि हवामान खात्याचा इशारा पाहावा. पावसाळ्यात तर प्रश्नच नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचा जन्म होडीत गेला ते जिथे नारळी पौर्णिमेपर्यंत वाट बघतात, तिथे आपण जून-जुलैत गुडघाभर तरी का उतरावं? पाऊस बघा, लाटा बघा, गरम भजी खा, पण पुळणीच्या कोरड्या भागातून.

यंत्रणा काय देते, तेही पाहू. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. तिथे लाल-पिवळे झेंडे दिसले की त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल झेंडा असेल तर अजिबात नाही. जीवरक्षकाने शिट्टी मारली तर त्याच्याशी वाद घालू नका, बाहेर या. संध्याकाळी त्याची ड्युटी संपली की आपलंही पोहणं संपलं. आपल्या कोकणात काही मोठ्या किनाऱ्यांवर ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने जीवरक्षक नेमलेले असतात, पण पुष्कळ सुंदर, निवांत पुळणींवर कुणीही नसतं. समाजमाध्यमांवर ‘अनोळखी किनारा’ म्हणून फिरणाऱ्या जागा यातच मोडतात. जिथे जीवरक्षक नाही आणि वस्तीही दूर आहे, तिथे पावलं भिजवण्यापलीकडे जाऊ नये. हे माझं स्पष्ट मत आहे.

वस्ती जवळ असेल तर तिथली माणसं ही मोठी ठेव आहे. होमस्टेचे मालक, रापणीवाले, शहाळी विकणारी मावशी, होडीवाले. यांना विचारताना प्रश्न मात्र नीट विचारा. ‘इथे पोहायला चालतं ना?’ असं विचारलं तर पाहुण्याचा हिरमोड नको म्हणून भिडेखातर ‘हो, चालतं की’ असं उत्तर येऊ शकतं. त्याऐवजी विचारा, “काका, आज कुठे उतरायचं नाही?” मग बोट दाखवून सांगतील, “थंय जाव नकात, थंय पाणी ओढता.” वाळूचे बांध पावसाळ्यानंतर बदलतात, गेल्या वर्षीची सुरक्षित जागा यंदा तशीच असेल असं नाही. म्हणून दरवर्षी, दर वेळी विचारायचं.

पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने किंवा गटाने एक माणूस कोरडा ठेवावा. त्याने उतरायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, रील काढायचं नाही. डोकी मोजत राहायचं. अर्ध्या तासाने पाळी बदला. ज्याने मद्य घेतलंय तो या कामालाही चालणार नाही आणि पाण्यात उतरायला तर नाहीच. पोहणं येत नाही त्यांच्यासाठी मर्यादा गुडघ्यापर्यंत. लहान मूल हाताच्या अंतरावर हवं, नजरेच्या अंतरावर नव्हे. जीन्स, साडी, ओढणी पाण्यात जड होतात आणि पायांत गुंततात. अंधार पडल्यावर कुणीही पाण्यात नको.

या कोरड्या माणसाला बुडणारा ओळखता आला पाहिजे, कारण बुडणारा सिनेमासारखा ओरडत नाही. त्याला श्वास पुरत नसतो, हाक कुठून मारणार? तो पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो, डोकं मागे गेलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाण्यावर दाबल्यासारखे, केस डोळ्यांवर आलेले तरी बाजूला न केलेले. जवळचे लोक समजतात, खेळतोय. हाक मारून बघा, “अरे, ठीक आहेस ना?” उत्तर आलं नाही तर एक मिनिटही दवडू नका. मुलांचा आरडाओरडा ऐकू येत असेल तर बहुधा सगळं ठीक असतं. आवाज थांबला की बघायला हवं.

स्वतः ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाविरुद्ध झगडू नका. माणूस बुडतो तो दमल्यामुळे. ही ओढ बाहेर नेते, खाली खेचत नाही. पाठीवर व्हा, डोकं मागे टाका, हातपाय सैल ठेवून तरंगा, एक हात वर करून मदत मागा. लाटा फुटण्याच्या पट्ट्यापलीकडे प्रवाहाचा जोर ओसरतो. पोहणं येत असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत त्या बाजूला सरका आणि मग लाटांबरोबर बाहेर या. तरंगणं शिकण्यासाठी गावाकडची विहीर किंवा शहरातला तलाव पुरेसा आहे. मुलांना दहावीपर्यंत तेवढं तरी यायलाच हवं.

दुसरा कुणी ओढीत सापडला तर तुम्ही मागोमाग उडी मारायची नाही. एका मागे दुसरा, दुसऱ्या मागे तिसरा, असेच गट बुडतात. बुडणाऱ्याकडे नजर लावून ठेवायला एकाला सांगा, दुसऱ्याने होडीवाल्यांना हाका माराव्यात, तिसऱ्याने फोन करावा. आणि तरंगेल असं काहीतरी फेका. कोकणात जाणाऱ्या प्रत्येक गाडीत पाण्याचे पाच लिटरचे कॅन असतात. रिकामा करून झाकण घट्ट लावलेला असा कॅन माणसाला काही वेळ तरंगता ठेवू शकतो. त्याच्या कडीला पंधरा-वीस मीटर दोरी बांधून ठेवली तर घरगुती बचावसाधनच झालं. खडकावर असाल तर झोपून काठी, ओढणी, पट्टा पुढे करा. फोनसाठी सर्व आपत्तींचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. गाव, किनाऱ्याचं नाव आणि जवळची खूण, म्हणजे देऊळ किंवा जेट्टी, हे आधी सांगा. काही पुळणींवर मोबाइलला रेंज नसते, ते पोहोचल्याबरोबर तपासा.

बाहेर काढलेल्या माणसाबद्दल एक चुकीची समजूत अजून सर्रास दिसते. त्याला पालथा घालून, पोट दाबून किंवा पाय धरून उलटा करून ‘पाणी काढतात’. त्याने मौल्यवान मिनिटं जातात आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला उताणा, कडक जमिनीवर झोपवा. श्वास नसेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. बुडालेल्याला आधी हवा हवी असते. मग छातीच्या मध्यावर, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने तीस वेळा दाबा आणि पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हे चालू ठेवा. तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर निदान छाती दाबणं थांबवू नका. शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

बोटींविषयी थोडक्यात. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. दोन्ही ठिकाणी प्रवाशाच्या हातात फारसं काही नव्हतं, पण एक गोष्ट नेहमी असते. लाइफ जॅकेट अंगात, सगळे पट्टे लावून, पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत. मांडीवर किंवा बाकाखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट दिलं तर मूल त्यातून खाली निसटतं. मुलाच्या मापाचं नसेल तर फेरी रद्द करा, पैसे गेले तरी चालतील. बोटीत माणसं जास्त वाटली तर चढू नका. बनाना राइडला मुद्दाम उलटवतात. नको असेल तर निघण्याआधी ठामपणे सांगा. स्कूबाच्या अर्जात दमा, हृदयविकार, कानाचा त्रास लपवू नका. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कुणी ‘थोडीशी फिरवतो’ म्हणाला तर त्याला नकार द्या.

दंशाचंही सांगायला हवं. पावसाळ्यात जुहूसारख्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात. वाळूत मेलेले पडले असले तरी त्यांचे धागे डसतात, मुलांना हात लावू देऊ नका. डसल्यास वाळूने चोळू नका, समुद्राच्या पाण्याने धुवा, चिमट्याने धागे काढा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेका. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी विसर्जनाला आलेल्या अनेकांना काटे मारले होते. विसर्जनाला पाण्यात जाताना पाय उचलून न टाकता वाळूत घासत न्या, म्हणजे पाकट आधीच दूर सरकतं. काटा लागला तर गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

शेवटी शाळा-कॉलेजं, कंपन्या आणि सहल काढणाऱ्या मंडळांसाठी. तुमच्या वेळापत्रकात ‘समुद्रस्नान, ४ ते ६’ असं लिहिलेलं असतं आणि ती वेळ भरती न बघता ठरलेली असते. ती बदला. पाण्यात जाण्याचा कार्यक्रम आयत्या वेळी रद्द करण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या आणि त्याच्या निर्णयावर चर्चा नको. मुलांच्या जोड्या लावा, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचं बघायचं. पाण्यात एका वेळी दहा-बाराच जण, बाकीचे वाळूवर. पोहणं येत नाही त्यांच्या मनगटाला रंगीत फीत बांधा, म्हणजे काठावरून कळतं. उतरण्याआधी मोजा, बाहेर आल्यावर मोजा, आणि ही हजेरी बसमध्ये नव्हे, पाण्याच्या कडेलाच घ्या. एक जरी कमी भरला, तर होडी घेऊन तो दिसला होता त्या जागी ताबडतोब पोहोचता येतं.